उड्या त्यांच्या, मैदान कोणाचे?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका चहाच्या टपरीवर काही दिवसांपूर्वी घडलेला हा प्रसंग. रात्रपाळी संपवून बाहेर पडलेले सळई कारखान्यातील चार-पाच कामगार एका मोबाईलभोवती गोळा झाले होते. पडद्यावर एक तरुण मुलगी पायांना दोन लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उंच उतारावरून घसरत येत होती, उतार संपताच हवेत झेपावत होती आणि स्वतःभोवती साडेचार गिरक्या घेऊन पुन्हा बर्फावर उभी राहत होती. सर्वांच्या तोंडून एकदमच वाहवा निघाली. त्यांच्यातला एक वयस्क फिटर मात्र उडीकडे न पाहता उडीच्या मागे पाहत होता. तो म्हणाला, “अरे, हिच्या मागं दिसतंय ते एखाद्या कंपनीचं दिसतंय. ही कंपनी चालू आहे का बंद पडली?”

कंपनी बंद पडलेली होती. ती मुलगी म्हणजे आयलीन गू, आणि ती उडी म्हणजे ८ फेब्रुवारी २०२२ रोजी बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये तिला सुवर्णपदक मिळवून देणारी उडी. ‘बिग एअर’ हा फ्रीस्टाईल स्कीइंगचा प्रकार त्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये प्रथमच खेळला गेला. त्यासाठी उभारलेला उतार कुठल्या पर्वतावर नव्हता. बीजिंग शहरातील शौगांग पोलाद कारखान्याच्या जुन्या आवारात, त्याच्या शीतकरण मनोऱ्यांच्या शेजारी तो बांधण्यात आला होता. १९१९ साली स्थापन झालेल्या या कारखान्यावर एके काळी हजारो पोलाद-कामगारांच्या चुली पेटत होत्या. शहराची हवा स्वच्छ करण्याच्या कारणाने त्याचे उत्पादन हेबेई प्रांताच्या समुद्रकिनाऱ्याकडे हलविण्यात आले आणि २०१० च्या अखेरीस तेथील भट्ट्या विझल्या. त्या विझलेल्या भट्ट्यांच्या अंगणात यंत्राने बर्फ पाडून साऱ्या जगाला उड्या दाखविण्यात आल्या.

फिटरने विचारलेला प्रश्न क्रीडापानांवर क्वचितच विचारला जातो. वास्तविक खेळाचे समाजातील स्थान समजून घ्यावयाचे असेल तर पहिला प्रश्न हाच आहे. उडी कोणी मारली हे सर्वांना दिसते. जमीन कोणाची होती, ती कशी मोकळी झाली आणि तेथे राबणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे दिसू दिले जात नाही.

दोन मते, एकच चूक

या विषयावर दोन मते ऐकू येतात. पहिले मत आपल्याच वर्तुळातले आहे. एका अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा एक साथी तुच्छतेने म्हणाले, “बर्फावरच्या कसरती हे श्रीमंतांचे चोचले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात त्यांची चर्चा कशाला?” दुसरे मत बाजारपेठेच्या भाटांचे. ते म्हणतात की खुल्या बाजाराने तरुणाला मोकळे केले, ज्याच्या अंगी गुण आहे तो कोणत्याही खेड्यातून जगाच्या पडद्यावर पोहोचू शकतो, आणि मुक्तशैलीचे हे खेळ म्हणजे नव्या स्वातंत्र्याचे प्रतीक आहेत.

ही दोन्ही मते वरकरणी परस्परविरोधी असली तरी दोघांची चूक एकच आहे. दोघेही खेळाला श्रमापासून तोडून पाहतात. आमच्या साथींना तो रिकामटेकड्यांचा विरंगुळा वाटतो आणि बाजाराच्या भाटांना तो व्यक्तीचा चमत्कार वाटतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो.

बर्फावर घसरण्याची कला श्रीमंतांनी निर्माण केलेली नाही. उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात शिकारी, शेतकरी आणि लाकूडतोडे यांना एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाण्यासाठी या पट्ट्या लागत. आपल्याकडे बैलगाडी तशी तिकडे स्की. ज्याला आधुनिक स्कीइंगचा जनक म्हणतात तो सोन्द्रे नोरहाईम हा नॉर्वेतील तेलेमार्क भागातल्या मोर्गेदाल गावचा, १८२५ साली जन्मलेला एक गरीब कूळ होता. दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर राबणारा. त्याने पायाला घट्ट बसणारी बांधणी शोधली, वळणे शोधली, उड्या मारल्या. १८६८ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, राजधानीतल्या स्पर्धेत त्याने शहरी मंडळींना मागे टाकले. या माणसाला त्याच्या देशाने काय दिले? १८८४ साली पोटासाठी तो अमेरिकेला गेला, १८९७ साली नॉर्थ डाकोटात मरण पावला आणि त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. पुढे १९५२ च्या ओस्लो हिवाळी ऑलिम्पिकची ज्योत त्याच्याच मोर्गेदालच्या घरातील चुलीवर पेटविण्यात आली. जिवंतपणी ज्याची चूल त्याचे गाव चालू ठेवू शकले नाही, त्याच्या चुलीचे मेल्यावर तीर्थक्षेत्र झाले.

त्याच १९५२ साली उन्हाळी ऑलिम्पिकसाठी हेलसिंकीला गेलेला आपला माणूस आठवा. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी फ्रीस्टाईल कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ते सरकारच्या पैशावर मिळालेले नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, तेव्हा हा पैलवान हेलसिंकीला जाऊ शकला. मोर्गेदाल आणि गोळेश्वर यांच्यामध्ये हजारो मैलांचे अंतर आहे, पण खेळ घडविणारे कोण आणि त्याचा उत्सव करणारे कोण, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच निघतो.

बंडाची दोनदा झालेली विक्री

‘फ्रीस्टाईल’ म्हटले की आपल्याकडे नगरपालिकेच्या सभेतली हाणामारी आठवते. वर्तमानपत्रांनी हा शब्द त्याच अर्थाने रुळविला आहे. स्कीइंगमध्ये मात्र त्याला बंडाचा अर्थ होता. विसाव्या शतकात आल्प्समध्ये आणि अमेरिकेत स्कीइंग हा धनिकांचा हिवाळी प्रवास झाला होता. डोंगर हॉटेल-कंपन्यांचे, वर नेणारे दोर त्यांचे, आणि कोणत्या पद्धतीने वळावे याचे नियम शिक्षकांच्या संघटनांचे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील काही तरुणांनी हा शिष्टाचार मोडला. खडबडीत उंचवट्यांवरून उधळत खाली येणे, हवेत कोलांट्या मारणे, संगीतावर बर्फात नाचणे असे त्यांचे प्रकार होते, आणि प्रस्थापित मंडळींना ते उर्मट वाटले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यापीठे पेटण्याचा हाच काळ, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

या बंडाचे पुढे काय झाले? १९७१ साली न्यू हॅम्पशायरमधील वॉटरव्हिल व्हॅली येथे त्याची व्यावसायिक स्पर्धा भरली, तेव्हाच बक्षिसामागे मोटार-कंपनी उभी होती. प्रेक्षकांना जितकी धोक्याची उडी तितका तिकिटाचा गल्ला मोठा. तरुणांचे कणे मोडू लागले, काही कायमचे अपंग झाले, तेव्हा अपघाताच्या भरपाईला घाबरून अनेक ठिकाणी उलट्या उड्यांवर बंदी आली. १९७९ साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने या खेळाला मान्यता दिली. १९८६ साली फ्रान्समधील तिन्य येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९८८ साली कॅलगरी ऑलिम्पिकमध्ये त्याचे प्रदर्शन झाले आणि १९९२ व १९९४ साली त्यातील दोन प्रकार पदकांच्या यादीत आले. संगीतावरचे बर्फनृत्य तेवढे बाहेर राहिले. १९८८ आणि १९९२ साली ते दाखविण्यात आले, पण पदकाच्या यादीत कधीच आले नाही, आणि २००० च्या सुमारास जागतिक स्पर्धांतूनही ते नाहीसे झाले. ज्या प्रकारात गती आणि धोका कमी व कला अधिक, तोच नेमका गळून पडावा हा योगायोग मानता येत नाही.

मग दुसरे बंड झाले. महासंघाच्या नियमांना कंटाळून १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील काही तरुण स्नोबोर्डवाल्यांच्या बागेत घुसले. दोन्ही टोके वळलेली, उलटेही उतरता येईल अशी स्की बनविण्यास त्यांनी एका कंपनीला भाग पाडले. त्यांनी स्वतःला गमतीने ‘न्यू कॅनेडियन एअर फोर्स’ असे नाव घेतले होते. हे बंड पहिल्याहून लवकर विकले गेले. एका अमेरिकी क्रीडावाहिनीने १९९७ साली सुरू केलेल्या हिवाळी ‘एक्स गेम्स’नी त्याला दूरचित्रवाणीचा पडदा दिला, उत्तेजक पेयांच्या कंपन्यांनी शिरस्त्राणे रंगविली, आणि २०१४ साली सोचीला हाफपाईप व स्लोपस्टाईल हे प्रकार ऑलिम्पिकमध्ये दाखल झाले. बंडखोराची टोपी आता त्याची उरली नव्हती. तिच्यावर जाहिरातीचा भाडेकरार होता.

या इतिहासात एक नाव प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. कॅनडाची सारा बर्क ही या खेळातील अग्रणी स्त्री. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने हाफपाईपमध्ये उतरता यावे यासाठी ती वर्षानुवर्षे भांडली. २०११ साली हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये घेण्याचा निर्णय झाला. १० जानेवारी २०१२ रोजी अमेरिकेतील पार्क सिटी येथे सराव करताना ती पडली आणि १९ जानेवारीला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तिचा मृत्यू झाला. तो सराव एका पुरस्कर्त्या कंपनीच्या खासगी कार्यक्रमातला होता. त्यामुळे तिच्या देशाच्या संघटनेचा विमा तेथे लागू झाला नाही. इस्पितळाचे बिल लाखो डॉलरच्या घरात गेले आणि ते भागविण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. जिच्या उड्यांवर कंपन्यांनी पेये विकली, तिच्या मोडलेल्या देहाचा खर्च मात्र सामान्य लोकांच्या वर्गणीतून निघाला. जगातील सर्वांत श्रीमंत देशातली ही कथा आहे. जत्रेच्या फडात मान मोडून घरी पडलेल्या आपल्या पैलवानाची कथा याहून वेगळी नाही.

चीनचे उदाहरण आणि आपला गैरसमज

येथे काही मित्र म्हणतील की हा दोष भांडवलशाही देशांचा आहे. बीजिंगचा कारखाना तर सरकारी मालकीचा होता. या युक्तिवादाला उत्तर दिलेच पाहिजे. कारखाना सरकारच्या मालकीचा असणे आणि समाजाच्या मालकीचा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शौगांगच्या काही जुन्या कामगारांना त्याच आवारात नवी कामे मिळाली हे खरे. परंतु भट्ट्या हलवायच्या की नाही, मोकळ्या झालेल्या जमिनीचे काय करायचे, तेथे उद्यान करायचे की घरे बांधायची की दूरचित्रवाणीसाठी उतार उभारायचा, हे ठरविण्याचा अधिकार कामगारांच्या स्वतंत्र संघटनेला नव्हता, कारण तशी संघटनाच तेथे अस्तित्वात राहू दिली जात नाही. लोकशाहीवाचून समाजवाद म्हणजे नोकरशाहीची जमीनदारी, हे आपण पूर्वीपासून सांगत आलो आहोत. क्रीडांगणाच्या बाबतीतही तेच खरे आहे.

आणि बाजारपेठेच्या लोकशाहीत काय होते, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. मुंबईचे लालबाग-परळ आठवा. गिरणी कामगारांच्या चाळींतून कबड्डीचे संघ उभे राहिले, व्यायामशाळा चालल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी विझत गेली. गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागेसाठी व एक तृतीयांश भाग सार्वजनिक घरांसाठी मिळावा, असे १९९१ च्या नियमाने ठरले होते. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ मोकळ्या भूखंडापुरता उरविला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. जेथे कामगारांची मुले हुतूतू खेळली असती तेथे मॉल उभे राहिले, आणि मुंबईतच मॉलमध्ये तिकीट काढून कृत्रिम बर्फावर घसरण्याची सोय आज झाली आहे. बीजिंगच्या नोकरशाहीने आणि मुंबईच्या बिल्डरने वेगवेगळ्या वाटांनी एकच मुक्काम गाठला.

बर्फाचे पाणी

आता त्या अभ्यासवर्गातील साथींच्या प्रश्नाकडे येतो. टँकरच्या जिल्ह्यात बर्फाची चर्चा कशाला? टँकरच्या जिल्ह्यातच ती झाली पाहिजे, कारण हा बर्फ पाण्याचा असतो.

बीजिंगचे २०२२ चे हिवाळी ऑलिम्पिक जवळजवळ संपूर्णपणे कृत्रिम बर्फावर खेळविले गेले. फ्रीस्टाईलचे बहुतेक प्रकार जेथे झाले तो झांगज्याकौचा परिसर पाणीटंचाईचा आहे. ऑलिम्पिक समितीच्या बाजूचाच अंदाज घेतला तरी या बर्फासाठी सुमारे १८ कोटी लिटर पाणी लागणार होते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे अठरा हजार टँकर होतात. हा आकडा जालन्याच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या वाळलेल्या बागांवर शेतकऱ्यांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालविली. ‘सोन्याचा पाळणा’ म्हणविणाऱ्या जालना शहरात घागरीचा भाव सोन्याच्या भावाने मोजण्याची पाळी आली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच उन्हाळ्यात क्रिकेटच्या खेळपट्ट्यांवर पाणी शिंपडून आयपीएलचे सामने भरविण्याची तयारी चालली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला तेव्हा केवढा आक्रोश झाला! खेळाला राजकारणात ओढू नका, असा उपदेश आपल्याला करण्यात आला. खेळ पाण्यात उतरला की तो राजकारणात उतरलेलाच असतो.

काश्मीरमधील गुलमर्गलाही हेच संकट भिडले आहे. तेथे २०२० पासून ‘खेलो इंडिया’चे हिवाळी खेळ भरतात. २०२५ साली बर्फच पुरेसे पडले नाही म्हणून ते पुढे ढकलावे लागले. हवामान बिघडविणारा धूर कोणाचा, याचा हिशेब मोठा आहे. पण बर्फ पडले नाही तर पर्यटक हॉटेलचे आरक्षण रद्द करतो आणि घोडेवाल्याची, स्लेज ओढणाऱ्याची चूल विझते, एवढे समजायला मोठा हिशेब लागत नाही. श्रीमंत देश यावर यंत्राचा उपाय शोधतात. म्हणजे बर्फ विकत घेता येईल त्यांचाच खेळ उरतो आणि बर्फात जन्मलेला माणूस आपल्याच डोंगरावर प्रेक्षक होतो.

जालन्याची फ्रीस्टाईल

आपल्या जिल्ह्याची मुक्तशैली म्हणजे कुस्ती. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा जालन्यात झाली. माती विभागातून अंतिम फेरीत आलेल्या, बुलढाण्याकडून लढणाऱ्या बाला रफिक शेखने पुण्याच्या अभिजित कटके याला हरवून गदा उचलली. मारुतीच्या देवळाशेजारच्या तालमीत रफिक नावाचा पैलवान घडतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, ही या मातीची थोरवी आहे. धर्माच्या नावाने माणसे फोडणाऱ्यांना तालीम का खुपते, हे यावरून कळावे.

पण गदा गेली, मंडप उतरला, आणि दुसऱ्या दिवसापासून काय? मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांतील तरुणाला मॅट कुठे मिळते? आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर होते. १९४८ साली लंडनला जाईपर्यंत खाशाबांना मॅट ठाऊक नव्हती, आणि आज पाऊणशे वर्षांनंतरही खेड्यातल्या पोराची तीच अवस्था आहे. खुराकाचा खर्च शेतमजुराच्या घराला झेपत नाही. दसऱ्यानंतर याच तालुक्यांतील कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात. मराठीत उसाचाही फड असतो आणि कुस्तीचाही. ज्याच्या नशिबी सहा महिने पहिला फड, त्याला दुसऱ्या फडासाठी अंग उरत नाही. मग उरते ती जत्रेतली दंगल आणि तिचे मालक. पूर्वी ते जहागीरदार होते, आज ते साखरसम्राट, ठेकेदार आणि निवडणुकीचे उमेदवार आहेत. पैलवानाच्या पाठीवर थाप मारून त्याला फेटा बांधायचा आणि निवडणुकीत मिरवणुकीच्या अग्रभागी उभे करायचे, एवढाच त्यांचा क्रीडाप्रेमाचा व्यवहार.

स्त्रियांची कुस्ती आता पुढे येत आहे. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्याच वर्षी देशासाठी पदके आणणाऱ्या स्त्री-पैलवानांना महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले आणि २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना रस्त्यावरून उचलून नेले. कॅनडाच्या सारा बर्कला मैदान मिळविण्यासाठी भांडावे लागले, आपल्या मुलींना मैदानात निर्भयपणे उभे राहण्यासाठी. संघटना ज्यांच्या ताब्यात, खेळाडू त्यांच्या दावणीला, हे दृश्य बर्फावर आणि मातीवर सारखेच आहे.

मुक्तशैलीला मोकळा वेळ लागतो

तेव्हा खेळातील स्वातंत्र्य कशात असते? ते गिरक्यांच्या संख्येत नसते. खेळणाऱ्याचा स्वतःचा वेळ, सर्वांच्या मालकीचे मैदान आणि पडला तर उचलून घेणारा समाज, या तीन गोष्टींवर ते उभे असते. भांडवल या तिन्ही गोष्टी हिरावून घेते आणि मोबदल्यात स्वातंत्र्याचे चित्र विकते. रात्रपाळी संपवून टपरीवर उभ्या असलेल्या त्या कामगारांच्या हातात तेवढे चित्रच आलेले होते.

वेळेचा प्रश्न आज सर्वांत निकडीचा आहे. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास आपले स्वतःचे, या मागणीसाठी कामगारांनी रक्त सांडले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मंजुरी दिली. कामगाराच्या संमतीने, असे त्यात म्हटले आहे. ज्याच्या नोकरीला उद्याचा भरवसा नाही त्याच्या संमतीची किंमत आपण जाणतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. भट्टीसमोर बारा तास उभा राहिलेला माणूस ना तालमीत जाईल, ना मुलाला मैदानावर नेईल. तो उड्या पाहील आणि झोपेल. प्रेक्षकांची ही जात निर्माण केल्याशिवाय तमाशाचा बाजार चालत नाही.

खेळ हा आपला विषय नाही असे मानणाऱ्या साथींना आपल्याच चळवळीचा इतिहास सांगावा लागतो, हे दुर्दैव आहे. युरोपातील समाजवादी कामगार संघटनांनी १९२५ साली फ्रँकफुर्टला, १९३१ साली व्हिएन्नाला आणि १९३७ साली अँटवर्पला कामगारांची ऑलिम्पिके भरविली. त्यांतील पहिल्या दोहोंबरोबर हिवाळी खेळही झाले आणि कामगार बर्फावरही उतरले. १९३६ साली हिटलरच्या बर्लिन ऑलिम्पिकला उत्तर म्हणून बार्सेलोनात जनतेचे ऑलिम्पिक भरणार होते. फ्रँकोच्या बंडाने ते होऊ दिले नाही. आपल्याकडे १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर लेझीम आणि खेळ यांतूनच जातीधर्मापलीकडची एक पिढी घडली. ते मैदान आपण सोडले तेव्हा ते रिकामे राहिले नाही. तेथे लाठ्या घेऊन दुसरे उभे राहिले. याची फळे आपण आज भोगत आहोत.

म्हणून जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी काही मागण्या ठामपणे हाती घेतल्या पाहिजेत. आठही तालुक्यांत पंचायत समितीच्या किंवा नगरपालिकेच्या मालकीचे, कोणा पुढाऱ्याच्या ट्रस्टचे नव्हे असे, मैदान आणि तालीम असावी. तेथे मुलींसाठी स्वतंत्र वेळ आणि स्त्री-शिक्षक असावेत. खेळताना इजा झालेल्या प्रत्येकाच्या उपचाराची जबाबदारी शासनाने घ्यावी, मग ती इजा शालेय स्पर्धेत झालेली असो वा जत्रेच्या दंगलीत. टंचाईच्या काळात पिण्याचे पाणी, शेती आणि जनावरे यांची गरज भागल्याशिवाय करमणुकीच्या धंद्यांना पाणी देऊ नये. आणि औद्योगिक वसाहतीत बारा तासांच्या पाळीविरुद्धचा लढा हाच क्रीडाधोरणाचा पहिला मुद्दा मानावा. एखादी मिल बंद पडली तर तिच्या जमिनीवर पहिला हक्क तेथे राबणाऱ्यांचा, हे आजच लिहून घेतले पाहिजे. गिरण्या विझल्यावर मुंबईने ते लिहून घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा फार उशीर झालेला होता.

आयलीन गूची उडी सुंदर आहे, यात वाद नाही. माणसाचे शरीर इतके काही करू शकते हे पाहून ज्याला आनंद होत नाही तो समाजवादी कसला? तिच्या उडीचा हेवा करण्याचे कारण नाही. आपल्याला हवे आहे ते एवढेच, की त्या फिटरच्या नातीलाही संध्याकाळी मोकळे मैदान मिळावे, तिचा बाप तिला खेळताना पाहायला वेळेवर घरी यावा आणि ती पडली तर वर्गणी काढण्याची पाळी शेजाऱ्यांवर येऊ नये. यासाठी बर्फ लागत नाही. संघटना लागते.